दख्खनी लोकरीची छोटी सूतगिरणी: दुपारी कार्डवर जाळी फाटते, सुतात गाठी आणि कुसळ

वर्धाकाठ
नमस्कार मंडळी. मेंढपाळ गटाची छोटी गिरणी आहे, तिच्या अडचणी एका जागी मांडतो. लोकर आसपासच्या दोन-तीन तालुक्यांतली, दख्खनी, काळी-करडी जास्त. यंत्रं अशी: १ मीटर रुंदीचं जुनं रोलर कार्ड, म्हणजे तारेच्या दातांच्या रोलरांनी लोकर विंचरणारं यंत्र (एक मोठा सिलिंडर; त्यावर लोकर उलगडणाऱ्या ४ वर्कर-स्ट्रिपर जोड्या; तारेतली लोकर वर उचलणारी फॅन्सी; लोकर पातळ जाळीच्या रूपात उतरवणारा डॉफर; पुढे त्या जाळीच्या पट्ट्या करणारा ४० टोकांचा टेप कंडेन्सर), त्या पट्ट्यांना पीळ देऊन सूत कातणारी २० चात्यांची रिंग फ्रेम आणि लडी करायचा फाळका. धुणं सिमेंटच्या टाक्यांत, हातानं.

अडचणी:
१) सकाळी कार्ड बरं चालतं. ११ नंतर डॉफरवरची जाळी फाटते, लोकर रोलरला गुंडाळते.
२) सुतात बारीक गाठी आणि कुसळ. घोंगडीवाले म्हणतात टोचते.
३) विणकामाच्या सुयांसाठी ८ नंबर मेट्रिक (१ ग्रॅमला ८ मीटर) सूत हवं आहे, पण फ्रेमवर टिकतच नाही.
४) धुतलेली लोकर चिकट लागते.

कार्डचं सेटिंग बदलावं का?

कार्डफिटर
सेटिंगला हात लावू नका. सेटिंग बिघडलं असतं तर सकाळीही फाटलं असतं. ११ नंतर फाटतं म्हणजे दोष हवेत आहे. एप्रिलात दुपारी आपल्याकडे आर्द्रता १५-२० टक्क्यांवर येते आणि कार्डच्या खोलीत लागते ६५-७०. कोरडी लोकर तारेवर घासली की तिच्यात विद्युतभार साठतो, तंतू एकमेकांपासून फिस्कारतात, आणि जाळी डॉफर सोडून जवळच्या लोखंडाला चिकटते.

खोलीत साधे दोन थर्मामीटर लटकवा, एकाच्या गोळ्याला ओलं फडकं गुंडाळा. खोली ३२ अंशांवर असताना दोघांत ५ अंशांचा फरक असेल तर आर्द्रता ६५-७० च्या घरात आहे. फरक १० च्या वर गेला तर कार्ड थांबवा, उगाच माल खराब होतो. उपाय तुमच्या घरातच आहे: डेझर्ट कूलर. मात्र त्याचा झोत भिंतीकडे हवा. जाळीवर थेट वारा गेला तर ती फाटणारच. खिडक्या बंद, जमिनीवर ओली गोणपाटं, आणि शक्य असेल तर उन्हाळाभर कार्ड पहाटे ५ ते १० चालवा.

आता हे सांगा: लोकरीला तेल कोणतं लावता, किती? आणि धुता कशानं?

वर्धाकाठ
तेल सरकीचं, गावच्या घाणीवर मिळतं. अंदाजे शिंपडतो आणि लगेच कार्डवर टाकतो. धुणं कपड्याच्या साबणानं, पाणी बोअरचं.

रसायनशाळा
तुमची चौथी अडचण या दोन ओळींतच आली, आणि पहिलीतली निम्मीही.

आधी तेल. आपल्या भागात सहज मिळणारी जवस, करडई, सरकी ही तिन्ही तेलं या कामाला चुकीची. हवेत ती कमी-जास्त वाळतात आणि डिंकासारखा थर धरतात. आयोडीन अंक (जितका जास्त, तितकं तेल जास्त वाळतं) पाहिला की कळतं: जवस १७० च्या वर, करडई १४० च्या आसपास, सरकी १०० च्या वर, शेंगदाणा १०० च्या आत. कार्डच्या तारेच्या मुळाशी पिवळा चिवट थर बसलेला दिसला तर ते तुमचं सरकीचं तेलच. जवसाचा धोका आणखी मोठा. जवस लागलेला कचरा ढीग करून ठेवला तर तो आतून तापतो आणि आपोआप पेटूही शकतो. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये हा खेळ नको.

शेंगदाणा तेल चालेल. त्याहून बरं म्हणजे धुऊन निघणारं, पाण्यात मिसळणारं स्पिंडल ऑइल (पातळ खनिज तेल). प्रमाण, १० किलो धुतलेल्या कोरड्या लोकरीला:
तेल ३०० ग्रॅम, पाणी ७०० मिली, आणि दोन्ही एकजीव करायला थोडं नॉन-आयॉनिक (पाण्यात विद्युतभार न धरणारं) डिटर्जंट. मिश्रण दुधासारखं पांढरं दिसलं पाहिजे. वर तेल तरंगत असेल तर वापरू नका.
लोकर वीतभर थरात पसरा, फवारा मारा, वर दुसरा थर, पुन्हा फवारा. मग ओल्या गोणपाटाखाली रात्रभर ठेवा. तुम्ही लगेच कार्डवर टाकता, त्यामुळे काही तंतू तेलात बुडालेले आणि काही ठणठणीत कोरडे राहतात. रात्रभराची ही मुरवणी टाळली तर कूलर लावूनही फारसा फरक पडणार नाही.

आता धुणं. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा चुन्याशी संयोग होऊन न विरघळणारी साय बनते आणि ती लोकरीवरच बसते. कितीही खंगाळा, निघत नाही. बाटलीत पाणी आणि साबणाचा किस टाकून हलवून पाहा. फेसाऐवजी दह्यासारख्या गुठळ्या आल्या तर साबण बंद. नॉन-आयॉनिक डिटर्जंट जड पाण्यातही काम करतं. रिठाही करतो. टरफलं रात्रभर भिजवून, कोळून, गाळून घ्या. पांढऱ्या लोकरीवर किंचित पिवळट छटा येते, काळ्या-करडीला काही फरक नाही. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात असाल तर शेवटचं खंगाळणं तरी पावसाच्या साठवलेल्या पाण्यात करा.

चार टाक्या, १० किलो लोकरीला प्रत्येकी ३०० लिटर:
पहिली ४५ अंश, नुसतं पाणी, १५ मिनिटं. घामाचे क्षार आणि माती इथेच जाते.
दुसरी ५५ ते ६० अंश, लिटरला दीड ते दोन ग्रॅम डिटर्जंट, १० मिनिटं.
तिसरी ५० अंश, निम्मं डिटर्जंट.
चौथी ४५ अंश, नुसतं पाणी.

दख्खनी लोकरीत मेरिनो मेंढीच्या लोकरीसारखी चरबी नसते, त्यामुळे उकळत्या पाण्याची किंवा कॉस्टिक सोड्याची गरजच नाही. ५ टक्के कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणात तर लोकर पूर्ण विरघळते. (विकत घेतलेल्या सुतात कापसाची भेसळ आहे का हे पाहायची हीच परीक्षा: लोकर जाते, कापूस उरतो.)

लोकर नायलॉनच्या जाळीत भरून बुडवा आणि दाबा. ढवळू नका, चोळू नका, वरून धार सोडू नका. गरम टाकीतून थेट थंड पाण्यात नेऊ नका. उष्णता, ओल आणि हालचाल एकत्र आली की लोकर नमद्यासारखी (दाबून केलेल्या जाड थरासारखी) जमते. अशी अर्धी जमलेली लोकर कार्डवर उघडत नाही, तुटते, आणि तुटलेल्याच्या गाठी होतात. वाळवणं सावलीत, जमिनीपासून वर ताणलेल्या जाळीवर. आपलं मे महिन्याचं ऊन लोकरीला पिवळं आणि ठिसूळ करतं.

कुरणवाट
कुसळाचं कार्डवर काही होत नाही भाऊ, ते कुरणातच आवरावं लागते. कुसळ पिकते दसरा-दिवाळीच्या सुमारास, आन् बरीच कातरणी होते त्याच्या नंतर. मंग काय होईन? बी पिळदार असते, ओल लागली की स्क्रूसारखं आत घुसते. ते लोकरीतून काढणं म्हणजे तांदळातून वाळू वेचणं. कातरणी भादव्याच्या शेवटी, आश्विन लागता लागता करा. पाऊस रेंगाळला तर कातरलेल्या मेंढ्यायले आठ दिवस रात्री आडोसा द्यावा लागते, एवढं कबूल करून घ्या पहिले.

गोखरू, लांडगा, आघाडा या तणांच्या काट्यांचं तसं नाही. ते मोठे राह्यते, हातानं किंवा झाडणीत निघते.

कातरणीच्या जागेवर काय पाह्यचं:
मेंढी आदल्या दिवशी वाहत्या पाण्यात धुवा, स्वच्छ जागी सुकू द्या. ओल्या अंगाची लोकर बांधली की पिवळी पडते, कुजते.
ताडपत्रीवर कातरा, मातीत नाही.
एकाच जागी दोनदा कातर चालवू नका. दुबार कातरीचे अर्ध्या इंचाचे तुकडे पडते, सुतातल्या गाठी त्याच्याच. मेंढीचं अंग नीट दिसावं म्हणून लोक दुबार मारते, त्यायले पहिलेच सांगा.
पोट, पाय, शेपटीखालची लोकर वेगळ्या बारदानात.
जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची, एकदम वेगळी ठेवा. जावळाच्या घोंगडीले मागणी काहून आहे ते विणकराले विचारा.
खताच्या पांढऱ्या प्लास्टिक पोत्यात लोकर भरली तर त्याचे धागे सुतात येते, ते रंगही घेत नाही. कापसात हेच रडगाणं चालू आहे, आता लोकरीतही.
ऑइल पेंटनं खूण केलेली लोकर तेवढी कापून टाका. पेंट कशानंच निघत नाही.

आन् मेलेल्या मेंढीची लोकर फुकट दिली तरी घेऊ नका. फाशी रोगानं मेलेली असली तर तिचे बीजाणू लोकरीत वर्षानुवर्षं जिते राह्यते आन् झाडणीच्या धुळीतून माणसाच्या फुफ्फुसात जाते.

ताणाबाणा
८ नंबरचं सूत तुमच्या लोकरीतून निघणार नाही. फ्रेम नवी आणली तरी नाही. हिशोब पाहा.

दख्खनी तंतूची जाडी सरासरी ४५ मायक्रॉन धरा. लोकरीची घनता १.३१. या जाडीचा १ किलोमीटर लांबीचा एक तंतू साधारण २.१ ग्रॅम भरतो. कार्डवरून थेट कातलेल्या सुताच्या छेदात किमान १२० तंतू लागतात, त्याखाली पातळ जागा तुटतात. १२० गुणिले २.१ म्हणजे किलोमीटरला २५० ग्रॅम, म्हणजे ४ नंबर मेट्रिक. ही शेवटची हद्द. रोजच्या कामाला २ ते ३ नंबर. ८ नंबरला तुमच्या सुतात जेमतेम ६० तंतू येतात, मग टिकणार कसं?

आणि टिकलं तरी स्वेटर होणार नाही. ३० मायक्रॉनच्या पुढचे तंतू कातडीला टोचतातच, धुणं कितीही चांगलं असो. घोंगडी, सतरंजी, आसनं, बैठकीच्या गाद्यांचे अभ्रे, जोड्यांच्या आतला नमदा, ही या लोकरीची खरी कामं. तिला मऊ करायचा अट्टाहास म्हणजे ज्वारीच्या पिठाची पोळी लाटणं.

पीळ: मीटरमागे पीळ = गुणांक × सुताच्या नंबरचं वर्गमूळ. बाण्याला (आडव्या धाग्याला) गुणांक ७०, ताण्याला (उभ्या धाग्याला) १००. ३ नंबरला बाणा सुमारे १२० पीळ प्रति मीटर, ताणा सुमारे १७०.

वर्धाकाठ
काठेवाडी लोकांचे पांढऱ्या मेंढ्यांचे कळप दरवर्षी इकडे चरायला येतात. त्यांची लोकर मिसळली तर नंबर वाढेल?

ताणाबाणा
वाढेल, थोडा. पाटणवाडी जातीची असेल तर ती ३० मायक्रॉनच्या आसपास येते, तेवढ्याच १२० तंतूंत ८-९ नंबरपर्यंत जाते. पण मग ती वेगळीच काता. निम्मी-निम्मी मिसळली तर बारीक तंतू सुताच्या पोटात जातात आणि जाड केसाळ तंतू बाहेर उभे राहतात. हाताला सूत दख्खनीच लागतं, आणि पैसे बारीक लोकरीचे गेलेले असतात.

कार्डफिटर
मिसळण्याबाबत थोडा असहमत. २० टक्के बारीक लोकर टाकली तर जाळीला पकड येते आणि फाटणं कमी होतं. सूत मऊ होत नाही हे मात्र खरं.

तारेतला डिंक काढायला रॉकेलनं भिजवलेला तारेचा ब्रश, मेन स्विच काढून. त्यानंतर रोज एकदा सिलिंडर आणि डॉफर झाडून घ्यायचे. मग जाड लोकरीसाठी ही अंतरं, फीलर गेजनं, दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजून:

फीड रोलर ते लिकरिन (लोकर आत ओढणारा पहिला रोलर) ४० थाऊ (१ थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग)
पहिला वर्कर ते सिलिंडर २८ थाऊ, पुढचे २४, २०, १७
स्ट्रिपर ते सिलिंडर २० थाऊ
डॉफर ते सिलिंडर १२ थाऊ

फॅन्सीला अंतर नसतं, तिची तार सिलिंडरच्या तारेत किंचित शिरलेली हवी. तिचा पृष्ठवेग सिलिंडरपेक्षा २० ते ३० टक्के जास्त. गाठींचं निम्मं गुपित इथे आहे. फॅन्सीचा पट्टा सैल झाला की तिचा वेग पडतो, लोकर सिलिंडरच्या तारेतून वर उचलली जात नाही, आतच फिरत राहते आणि गोळ्या होऊन बाहेर येते.  फीड टेबलच्या तोंडाशी एक चुंबकपट्टीही लावा. कुंपणाच्या तारेचा एक तुकडा आत गेला तर तारेचा पट्टाही जातो आणि ठिणगीही पडते.

वर्धाकाठ
शेंगदाणा तेल, रात्रभर मुरवणी, कूलर, तिन्ही सुरू केलं. दुपारी १ पर्यंत जाळी टिकते. आता दुसरं दिसलं: कडेच्या टोकांचं सूत बारीक येतं.

कार्डफिटर
मोजून सांगा. ३ नंबर सूत किलोमीटरला ३३३ ग्रॅम. रिंग फ्रेमवर १.३ पट ताण धरला तर कंडेन्सरवरचं रोव्हिंग (कातण्याआधीची बिनपिळाची पट्टी) ४३३ ग्रॅम हवं, म्हणजे १० मीटरला ४.३ ग्रॅम. सोनाराचा काटा घ्या, ४० पैकी पहिलं, दहावं, विसावं, तिसावं, चाळिसावं टोक, प्रत्येकी १० मीटर.

वर्धाकाठ
मधली तिन्ही ४.२ ते ४.४. पहिलं ३.३, चाळिसावं ३.५.

कार्डफिटर
मधली उत्तम आहेत, ५ टक्क्यांच्या आत. कडा नेहमीच हलक्या येतात, कारण वर्करच्या टोकांकडून लोकर बाजूला उडते. फीड टेबलवर कडेच्या चार बोटांत लोकर जरा भरीव टाका, बाजूच्या पत्र्यांतली फट बुजवा, आणि तरीही दोन्हीकडची शेवटची दोन-दोन टोकं कातू नका. ती परत फीडवर. ४० पैकी ३६ टोकांचाच हिशोब धरायचा.

सूत लांबीत जाड-बारीक होत असेल, ठरावीक अंतरानं, तर तो हॉपरच्या (फीड टेबलवर लोकर तोलून टाकणाऱ्या पेटीच्या) काट्याचा दोष. एका पडीची शेपूट दुसऱ्या पडीच्या डोक्यावर बसली पाहिजे.

सूतगुंडी
मधेच विचारते: गावोगावी गादीवाल्यांची कापूस पिंजायची मशीन पडून आहेत. त्यावर लोकर पिंजून हातचरख्यावर कातली तर? अंबर चरखाही आहे.

ताणाबाणा
गादीच्या पिंजणात लोकर मोकळी होते, पण समांतर होत नाही, आणि लांब तंतू तुटतात. नमद्यासाठी चालेल, सुतासाठी नाही. अंबर चरख्याचे रोलर कापसाच्या इंच-सव्वा इंच तंतूच्या अंतरावर बसवलेले असतात. त्यात ६०-८० मिलिमीटरची लोकर दोन्ही रोलरमध्ये एकाच वेळी पकडली जाते आणि ताणताना तटकन तुटते. लोकरीसाठी बागेश्वरी किंवा मेडलेरी पद्धतीचा चरखा बघा. वर्ध्याला मगनवाडीत एमगिरी (महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था) आहे, तिथे खादी-वस्त्र विभाग आहे, चरख्याच्या प्रश्नाला ती जागा बरी. लोकरीच्या तपासणीसाठी राजस्थानात अविकानगरची केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था.

वर्धाकाठ
गटातले काहीजण दुसरं कार्ड घ्यायचं म्हणतात. माल वाढेल का?

ताणाबाणा
आधी मेंढ्या मोजा. वर्षाला दोन कातरण्या मिळून मेंढीमागे ६०० ग्रॅम धरा. १०० किलो कच्च्या लोकरीतून झाडणी आणि धुण्यानंतर ७५ उरते, कार्डचा आणि फ्रेमचा कचरा वजा जाता सूत ६५ ते ६८ किलो. तुमचं १ मीटरचं कार्ड तासाला ५ किलो इतकं सावकाश चालवलं, दिवसाला ६ तास, वर्षाला २०० दिवस, तरी ते ६,००० किलो धुतलेली लोकर खाईल. म्हणजे ८,००० किलो कच्ची, म्हणजे १३ हजारांवर मेंढ्या. दुसरं कार्ड कोणाला खायला घालणार?

चात्याही पुरेशा आहेत. ३ नंबर, १३० पीळ, चातीचे २,५०० फेरे: मिनिटाला १९ मीटर, ८० टक्के कार्यक्षमतेनं तासाला ३०० ग्रॅम. १६-१७ चात्यांत ५ किलो होतं. पैसा घालायचाच तर गरम पाण्याच्या सोयीत आणि हायड्रोत (लोकरीतलं पाणी फिरवून काढणाऱ्या यंत्रात) घाला.

आणि घोंगडीवाल्यांना ताणा देण्याआधी लडी ४५ अंशांच्या पाण्यात धुऊन तेल काढा. तेल राहिलं तर चिंचोक्याची खळ धरत नाही, ताणा फणीत पिंजारतो आणि दोष सुताला लागतो. लडी ओलसर असताना खाली वजन टांगून वाळवल्या की पीळ बसतो, गुंडी होत नाही.

कुरणवाट
कसरीचं कोणी बोललं नाही. न धुतलेली लोकर आषाढापर्यंत ठेवू नका, कसर तिच्यावरच पहिले बसते. कडुनिंबाच्या पाल्यानं ती मरत नाही. काळ्या प्लास्टिकात घट्ट बांधून मे महिन्यात दोन दिवस उन्हात टाका. आत ५० च्या वर जाते, अळी-अंडी खतम. दोन दिवसांहून जास्त ठेवू नका, लोकरीचा रंग जाते.

सूतगुंडी
आणि कचरा? झाडणीतले तुकडे, कुसळाची लोकर?

रसायनशाळा
कुसळ जाळायला गंधकाम्लाची रीत आहे: ५-६ टक्के आम्लात बुडवणं, वाळवणं, १०० अंशांच्या आसपास भाजणं, कुटणं, मग सोड्यानं उतारा. मोठ्या गिरण्यांची ती गोष्ट. छोट्या शेडमध्ये आम्लाची वाफ आणि आम्लाचं सांडपाणी कोण सांभाळणार? नकोच.

कुसळाची आणि शेपटीकडची लोकर संत्र्याच्या झाडांना खत म्हणून द्या. स्वच्छ लोकरीत नत्र १६ टक्के असतं, पण ते हळूहळू, वर्षभरात सुटतं. न धुतलेलीत घामाचा पालाशही येतो. झाडाच्या घेराखाली पातळ थर, वर चार बोटं माती, नाहीतर कुत्री ओढून नेतात. बुंध्यापासून दोन फूट लांब ठेवा. लोकर ओल धरून ठेवते आणि बुंध्याशी ओल राहिली की डिंक्या रोगाला आमंत्रण. स्पिंडल ऑइल लागलेला कार्डचा कचरा यात टाकू नका. पहिल्या टाकीचं पाणी, डिटर्जंट नसलेलं, खड्ड्यात निवळून बागेला चालतं, मात्र खारपाणपट्ट्यात नाही.

वर्धाकाठ
उद्या साबणाची बाटली-परीक्षा करतो आणि फॅन्सीचा पट्टा बघतो. ८ नंबरची ऑर्डर नाकारली आहे, घोंगडीच्या ताण्याची घेतली.